नावेमागचा धुरा

पाणी निजतं, हे मला मोठेबाबांनी शिकवलं. बोट एकदा तलावाच्या मधून गेली की पाणी बराच वेळ जागं राहतं. काठाच्या दगडांना जाऊन धडकतं, तिथून परत फिरतं, वाटेत मागून येणाऱ्या लाटेला भेटतं, आणि मग दोघींचं बोलणं काही संपत नाही. अशात घाई करून दुसरी फेरी मारली की सगळा तलाव उठून बसतो. म्हणून फेरी झाली की मोठेबाबा इंजिन बंद करायचे, खिशातून सुपारीची डबी काढायचे आणि म्हणायचे, "थांबा पोट्टेहो. पाणी निजू द्या."

आम्ही थांबायचो. पुढं आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी थांबले, रांगांमध्ये, दवाखान्यांत, साहेबांच्या दारांत, पण तसं थांबणं परत मिळालं नाही. फाल्गुनातली सकाळ असायची. पलीकडच्या काठावर पळस फुललेला असायचा. मोहाचा वास पाण्यावरून यायचा, जरा गोड, जरा आंबूस. रामाकोन्याकडून छोट्या लाइनची गाडी शिटी द्यायची आणि ती शिटी तलावावरून इतकी सावकाश जायची की तिलाही पाणी उठवायचं नसावं. बोट आपली आपण थोडी फिरायची. आपण काठाकडं बघत होतो की आभाळाकडं, तेही कळेनासं व्हायचं. कधी माझा डोळा लागायचा. मग कोणीतरी पाण्यात हात बुडवून सांगायचं, "निजलं." आणि मोठेबाबा दोरी ओढून इंजिन सुरू करायचे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. नेव्हीत मोटरबोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांची उमर गेली. ऐंशीच्या दशकात कधीतरी ते पेन्शन घेऊन सौंसरला परत आले. मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, मी रांगत होते तेव्हाच गेली होती. मूलबाळ नव्हतं. ते राहायचे आमच्याच घराच्या बाजूच्या खोलीत आणि जेवायचे आमच्याकडं. लोकांना वाटलं, म्हातारा आता संत्र्याची बाग घेईल, नाहीतर पिठाची गिरणी टाकेल. त्यांनी सिंचन खात्याच्या लिलावातली एक जुनी मोटरबोट उचलली. सारा मोहल्ला हसला. "नळाले पाणी नाही अन् घरी डोंगा आणला बाप्पा!" ते तिला बोट म्हणायचे, मोहल्ला डोंगाच म्हणायचा. पावसाळाभर ती आमच्या अंगणात पालथी पडून होती आणि कोंबड्या तिच्याखाली अंडी घालत होत्या.

तिकडं समुद्रावर साहेबांची मुलं पायात फळ्या अडकवून, बोटीमागं दोरी धरून, पाण्यावर उभी राहून घसरत जायची. मोठेबाबांनी वर्षानुवर्षं त्या बोटींची इंजिनं पुसली. फळ्यांवर उभी राहिली ती दुसऱ्यांची पोरं. "आपले पोट्टे काहून नाही?" एवढंच त्यांचं म्हणणं होतं. म्हणून आमच्या बौद्ध मोहल्ल्यातली आम्ही चार-पाच पोरं रविवारी पहाटे तलावावर जायला लागलो. सुताराकडून सागाच्या फळ्या करून घेतल्या, पुढची टोकं वाफेवर वाकवलेली. पाय घालायला सायकलच्या ट्यूबचे पट्टे. दोरीच्या टोकाला हातात धरायला कुदळीचा दांडा. तरंगायची दोन जाकिटं बोटीसोबत लिलावातच आली होती, त्यांना घुशीचा वास यायचा.

बोट पाण्यातून जाते तेव्हा तिच्यामागं दोन्ही बाजूंना पाण्याचे दोन उंचवटे उठतात. आम्ही त्यांना धुरे म्हणायचो. वावराच्या दोन्ही कडांना मातीचे बांध असतात ना, तसेच. मधल्या पट्ट्यात उभं राहणं सोपं. शिकणारा तिथंच राहतो. पण खरी मजा धुरा ओलांडून बाहेर जाण्यात, कारण बाहेरचं पाणी निजलेलं असतं. तिकडं इंजिनाचा आवाजसुद्धा कमी येतो, असं बाकीची मुलं येऊन सांगायची. मी ऐकायची आणि जळायची. कारण धुऱ्यावर फळी चढली की मी उडायची आणि तोंडावर पडायची. दर वेळी.

मी सगळ्यांत हलकी होते. "वजनच नाही पोट्टीत," मुलं म्हणायची. मला राग यायचा तो खरं तर धुऱ्याचा. तो मला बघूनच मोठा होतो, असं मला वाटायचं, आणि हे मी एकदा बोलूनही दाखवलं. सगळे खदाखदा हसले. पण मी खोटं बोलत नव्हते.

आता मायचं सांगते. माझे बाबा तिगावच्या स्टेशनावर पॉइंट्समन होते, ड्युटी कधी दिवसाची, कधी रात्रीची, रविवार त्यांच्या नशिबात क्वचित. त्यामुळं घर म्हणजे माय. ती लग्नाआधी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायची, नंतर हंगामात पांढुर्ण्याला संत्र्याच्या पेट्या भरायला जायची. अंगानं चांगली भरलेली, हसली की सगळी हलायची. तिला पाण्याचं भय होतं, आणि ते उगाच नव्हतं. तिचा धाकटा भाऊ कन्हान नदीत गेला होता. ती काठावर उभी होती, त्याचे कपडे हातात धरून. म्हणून मोठेबाबांनी मला फळ्यांवर उभं करायचं ठरवलं तेव्हा तिनं एकच अट घातली. "पोट्टी पाण्यात असन त मी काठावर उभी नाही राहनार. मी डोंग्यात बसीन." आणि ती माझ्या फेरीला बोटीत बसायची, अगदी मागच्या फळीवर, जिथून दोरी सुटते तिथं, तोंड माझ्याकडं करून. बाकीच्यांच्या फेरीला ती उतरून शिदोरी उघडायची, आणि कोण किती भाकरी खातं, याच्या पलीकडं तिचं लक्ष नसायचं.

इथं एक अडचण होती, आणि ती समजायला आमच्याकडचा भासरा समजावा लागतो. भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. धाकट्याच्या बायकोनं त्याच्यासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा, त्याच्याशी थेट बोलायचं नाही, तो बसला असेल तिथं बरोबरीनं बसायचं नाही, आणि त्याच्याकडं पाठ तर मुळीच करायची नाही. त्यानंही तिच्याकडं बघायचं नाही, तिला हाक मारायची नाही. आमच्या लोकांनी देव सोडले, उपास सोडले, अंगारे-धुपारे सोडले, पण भासऱ्याचा पदर काही सुटला नव्हता. मोठेबाबा अर्धं जग बघून आलेले आणि माय मोहल्ल्यात कुणालाही तोंडावर बोलायला कमी न करणारी, पण एकमेकांसमोर दोघंही मुके. जेवणाच्या वेळी मी मधे. "तुझ्या मायले सांग, भाजी झकास झाली." "तुझ्या मोठेबाबाले म्हण, अजून घ्या." चार हातांवर दोघं बसलेले असायचे आणि मी पोस्टमन.

पण मी दोरीच्या टोकाला असताना पोस्टमन कोण? बाकीच्या मुलांना मोठेबाबांनी माझ्या फेरीला काठावर उतरवलं होतं, बोट हलकी राहावी म्हणून. बोटीत राहायची ही दोघंच. ते मधे स्टिअरिंगवर, तोंड पुढं. ती मागं, तोंड मागं. मी पडले की मोठेबाबांना कळावं कसं? माय हाक मारू शकत नव्हती. मग तिनं घरून जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गंज आणला, ज्यात आमचा भात शिजायचा तोच, आणि एक पळी. मी पडले की ती पळीनं गंज बडवायची. साऱ्या तलावावर ठणाणा व्हायचा, पाणकावळे उडायचे आणि मोठेबाबा बोट वळवायचे. त्या हंगामात पाणकावळ्यांनी माझ्यामुळं फार सोसलं.

मोठेबाबा हार मानणाऱ्यांतले नव्हते. धुरा मोठा आहे ना, मग लहान करू. त्यांनी आधी वेग वाढवला. धुरा थोडा बसला, पण दांडा माझ्या हातातून निसटला. मग वेग कमी केला, तर धुरा आणखी फुगला. मग त्यांनी इंजिनाचा कल बदलला. इंजिन मागच्या फळीला ज्या खिळीवर टेकलेलं असतं, ती एक भोक आत घेतली, म्हणजे पंखा पाण्याला जरा वेगळ्या कोनातून ढकलतो आणि बोटीचं नाक खाली राहतं. थोडा फरक पडला. मग दोरी. दोरी लांब असली तर धुरे माझ्यापर्यंत येईतो रुंद होत, फार आखूड केली तर इंजिनाचं फेसाळ पाणी पायाखाली येई. म्हणून ते दोरी हातभर गुंडाळत, पुन्हा सोडत, आणि प्रत्येक वेळी मी पडून सांगायची की जमलं नाही. मग पेट्रोलची टाकी मागून काढून मधे घेतली. मग युरियाच्या थैल्यांत वाळू भरून नाकात ठेवली. नाक खाली गेलं, पण सगळी बोटच जड होऊन पाण्यात बसली आणि धुरा होता त्याहून मोठा झाला. थैल्या परत काठावर आल्या. त्यातल्या एका थैलीच्या वाळूत पुढं आमच्या मांजरीनं पिल्लं दिली.

प्रत्येक बदलानंतर एक फेरी, आणि प्रत्येक फेरीनंतर पाणी निजवणं. तो सगळा मार्च महिना मला आता एकाच लांब सकाळीसारखा आठवतो. तलाव हळूहळू आटत होता, बुडालेल्या झाडांचे शेंडे वर यायला लागले होते. ओले केस पाठीवर, दातांवर दात आपटताहेत, आणि मोठेबाबा डबी हातात घेऊन बोटीच्या मागच्या भागाकडं बघत बसलेत. म्हणजे मागच्या भागाकडं नाही, त्याच्या जरा बाजूला. माय तिथं बसलेली असायची, म्हणून ते थेट बघत नव्हते. बघायचे आणि मान वळवायचे. मला वाटायचं, इंजिनाचा विचार चाललाय.

मग एका रविवारी मी फार वाईट पडले. फळी उलटी होऊन नाकावर बसली. गंजाचा ठणाणा माझ्या डोक्यात वाजत होता की बाहेर, कळेना. माय मला वर ओढायला इतकी वाकली की बोट एका बाजूला कलली. माझ्या नाकातून रक्त येत होतं. तिनं पदरानं पुसलं. घरी आल्यावर बोलली.

"जयंती होऊन जाऊ दे," ती म्हणाली. "त्या दिवशी सारे येऊन राहिले पाहायले, तुझ्या मोठेबाबाची मान खाली नोको व्हायले. पण त्या दिवशी पडली त बंद. मंग पाण्याचं नाव काढायचं नाही."

चौदा एप्रिलची जयंती. त्या वर्षी मोठेबाबांनी ठरवलं होतं की सकाळी वंदना झाली की सगळ्यांनी तलावावर यायचं, आणि आपली मुलं निळे झेंडे घेऊन पाण्यावरून जातील. पांढुर्ण्याहून ट्रक भरून माणसं येणार होती. मी मायशी खूप भांडले, भाकर खाल्ली नाही. पण मला ठाऊक होतं की ती एकदा म्हणाली की म्हणाली. आणि मला हेही ठाऊक होतं की मी पडणार.

जयंतीच्या आधीचा रविवार. नाक सुजलेलं होतं, म्हणून मायनं मला फळ्यांना हात लावू दिला नाही. आम्ही दोघी काठावर बाभळीखाली बसलो होतो. तिनं शिदोरी उघडली नव्हती. पहिल्यांदाच ती दुसऱ्या मुलांची फेरी नीट बघत होती, आणि मी बघायचं नाही म्हणून गुडघ्यांत डोकं घालून बसले होते.

"आज डोंगा सपाट चालून राहिला," माय म्हणाली.

"रोजच चालते," मी गुडघ्यांतूनच म्हटलं. "माझ्याच वेळेस नाक वर करते थो."

मी मान वर केली. ती बोटीकडं बघत होती, जशी बाजारात वजनकाट्याकडं बघायची तशी.

"तुझ्या वेळेस," ती सावकाश म्हणाली, "मी असतो मांगं."

आमच्याकडं बायकाही "मी असतो" म्हणतात. मग तिनं मला बैलगाडीचं सांगितलं. गाडीत कापूस भरताना मागं जास्त झाला की गाडी उलाळ होते, म्हणजे मागून बसते आणि पुढून उचलते, आणि जू बैलांच्या मानेवरून वर निघतं. लहानपणी तिला याच्यासाठी गाडीच्या पुढच्या टोकावर बसवायचे. "मी जाडी होतो न तवाही," ती म्हणाली आणि हसली, पण त्या वेळी सगळी हलली नाही.

मी ताडकन उठून मोठेबाबांकडं गेले. ते काठाशी बोट बांधत होते. मी विचारलं, "माय मांगं बसते म्हणून धुरा मोठा होते का?"

त्यांनी दोरीची गाठ आवळली. "नेव्हीत पहिल्याच दिवशी शिकवते ते. वजन मांगं, त लाट मोठी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"कोणाले सांगू?" ते म्हणाले.

खरंच. कोणाला सांगणार होते? धाकट्या भावाच्या बायकोला "तुमचं वजन फार होतं, जरा सरका" म्हणणारा भासरा आमच्या सौंसरात अजून जन्माला यायचाय. आणि सरकायचं कुठं? स्टिअरिंगच्या पुढं, नाकाशी. म्हणजे सबंध फेरीभर ती त्यांच्या डोळ्यांसमोर, आणि तिची पाठ त्यांच्याकडं. हे सांगण्यापेक्षा त्या माणसानं इंजिनाचा कल बदलला, टाकी हलवली, दोरी गुंडाळली, गाडाभर वाळू वाहिली. सगळी बोट त्यांनी एका बाईभोवती फिरवून बघितली आणि बाईला मात्र हलवलं नाही. मला त्या वेळी दोघांचाही राग आला. मी वाटेत मायला म्हटलं, "मंग तू काठावर थांब न त्या दिवशी."

"नाही," ती म्हणाली. बस, एवढंच.

जयंतीच्या दिवशी काठ निळा झाला होता. पांढऱ्या साड्या, निळ्या टोप्या, ट्रकच्या टपावर बसलेली पोरं. बाबांनी ड्युटी बदलून घेतली होती आणि ते नवा शर्ट घालून अवघडून उभे होते. बाकीच्या मुलांच्या फेऱ्या झाल्या, झेंडे फडफडले, टाळ्या पडल्या. मग मोठेबाबांनी इंजिन बंद केलं. एवढ्या माणसांसमोर त्यांनी डबी काढली आणि पाणी निजू दिलं. लोकांना वाटलं, पेट्रोल संपलं.

मी कंबरभर पाण्यात फळ्या घालून उभी होते. माय गंज आणि पळी घेऊन बोटीत चढली. मागची फळी तिची ठरलेली. तिनं तिकडं पाहिलंही नाही. पदर पुढं ओढला, साडी जरा उचलली आणि ती बोटीच्या मधून पुढं निघाली. मोठेबाबा गडबडून उभे राहिले, बाजूला झाले आणि त्यांनी तोंड पाण्याकडं केलं. बोट डुचमळली. माय त्यांच्या बाजूनं गेली, अगदी नाकाशी जाऊन बसली, गंज मांडीवर घेतला. तोंड पुढं. पाठ भासऱ्याकडं.

काठावर एक बाई मोठ्यानं म्हणाली, "अवो माय! भासऱ्याकडे पाठ!" कोणीतरी हसलं. मायची मान हलली नाही. मोठेबाबांनी मागं जाऊन इंजिनाची दोरी ओढली आणि ते स्टिअरिंगवर येऊन बसले.

मी उठले. पाण्यातून वर आले तेव्हाच मला समजलं की आज काही वेगळं आहे, कारण मला बोटीचा आतला तळ दिसत नव्हता. एरवी नाक वर आणि शेपूट खाली असायचं, आज ती पाटासारखी सपाट चालली होती. आणि धुरा? वखर फिरवल्यावर वावरातला धुरा खचून राहतो, तेवढाच तो राहिला होता. मी गुडघे वाकवले. फळी त्याच्यावर चढली, आणि मी वाट बघत राहिले, आता उडेन, आता पडेन. मग मी पलीकडं होते.

मुलं खरं सांगत होती. तिकडं आवाज कमी येतो. पाणी निजलेलं होतं आणि मी त्याला न उठवता त्याच्यावरून चालले होते. खाली आभाळ होतं, पळसाचा तांबडा पट्टा होता, उलटा. पायांना पाणी आहे असं वाटतच नव्हतं. किती वेळ ते चाललं, मला आजही सांगता येणार नाही. मला वाटतं त्यातलं थोडं अजून चालू आहे. कमरेला झेंडा खोचला होता, तो मी काढायचा विसरले, मग आठवण झाली आणि काढला. काठावरून गलका आला, तोही दुरून, दुसऱ्या कुणासाठी असल्यासारखा.

आणि मी मायकडं पाहिलं. मला तिनं बघायला हवं होतं. एवढे दिवस ती माझ्यावर डोळे लावून होती आणि मी पडत होते. आज मी उभी होते आणि मला दिसत होती फक्त तिची पाठ. हिरवी साडी, डोक्यावर घट्ट पदर. मी मनात म्हटलं, वळ ना. एकदा वळ. ती वळली नाही. वळली असती तर समोर भासऱ्याचं तोंड आलं असतं; तिच्या आणि माझ्या मधे ते बसले होते. मी धुरा परत ओलांडला, दुसऱ्या बाजूला गेले, पुन्हा आत आले. पाठ तशीच. काठाजवळ मी दांडा सोडला आणि हळूहळू पाण्यात बसले. गंज वाजला नाही.

बाबांनी मला उचलून बाहेर घेतलं. पांढुर्ण्याहून आलेले एक म्हातारे माझ्या डोक्यावर हात ठेवून रडत होते. "ज्या पाण्याले हात लावू देत नव्हते आम्हाले, त्याच्यावर उभी राहिली वं तू," ते म्हणाले. त्यांचं रडणं मला पुरतं समजायला बरीच वर्षं जावी लागली. त्या वेळी माझे डोळे मायला शोधत होते. ती बोटीतून शेवटी उतरली आणि सरळ शिदोरीच्या पेटीकडं गेली.

मोठेबाबा माझ्याजवळ आले. डबीतली सुपारी तोंडात टाकली. मग म्हणाले, "तुझ्या मायले सांग, सामोरच बसत जा म्हणा."

मी जाऊन सांगितलं. माय न मोजता पोळ्या वाटत होती. म्हणाली, "तुझ्या मोठेबाबाले सांग, बसीन."

मला मात्र राग होता. घरी येईपर्यंत मी तिच्याशी बोलले नाही. संध्याकाळी ती चुलीपुढं बसली होती, दिवसभराच्या उन्हानं तोंड लाल झालेलं. मी उंबऱ्यात उभी राहून म्हटलं, "तू पाहलंच नाही."

"नाही पाहलं."

"सगळ्यांनं पाहलं. तूच नाही. मी पडली असती त तुले समजलंही नसतं."

तिनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"समजलं असतं," ती म्हणाली. "मी दोन्ही हात डोंग्याच्या फळीवर ठेवून बसलो होतो. तू होती मांगं तवर डोंगा जड होता. तू इकडे गेली त इकडे वढे, तिकडे गेली त तिकडे वढे. सारा वेळ जड होता, बाई. हलका झाला असता त गंज वाजवला असता मी."

मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही. तिनं गंज चुलीवर ठेवला. त्याला बाहेरून पळीचे पोचे पडलेले होते. त्यात पाणी ओतलं, आणि आधण येईपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो.